काल नाही आलीस?

ताई, सप्रेम नमस्कार.

मी राजापूर तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, बारावी सायन्स तालुक्याच्या गावात. ७९ टक्के पडले. माटुंग्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला तेव्हा बाबांनी वाडीत पेढे वाटले. आता डोंबिवलीला मामाकडे राहते. दोन महिने झाले. पावणेसहाला घर सोडते. लेक्चरमध्ये मॅडम इंग्रजीत भराभर बोलतात, माझं अर्धं वाक्य लिहून होईपर्यंत त्या पुढच्या मुद्द्यावर गेलेल्या असतात. बारावीला पुस्तक इंग्रजीत होतं, पण सर मराठीत समजावायचे. वर्गात सगळ्यांचे ग्रुप आधीपासूनचे आहेत. मी बोलले की दोन मुलं माझा हेल काढून दाखवतात, म्हणून आता मी बोलतच नाही. डबा लायब्ररीच्या जिन्यात बसून खाते. येताना लोकलमध्ये रडू येतं. मामी चांगली आहे, पण वन रूम किचनमध्ये मी पाचवी. रात्री अभ्यासाला दिवा लावला की सगळ्यांची झोपमोड. आईचा फोन आला की 'मस्त चाललंय' म्हणते. काजूचे पैसे बाबांनी माझ्या फीसाठी बाजूला ठेवले होते. गणपतीला घरी जाणार आहे. गेले की परत येऊच नये असं वाटतं. मी चुकीच्या जागी आले का?

– तुमची एक वाचक

प्रिय मुली,

तुझं पत्र आल्यापासून तो जिना माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. कुणी वरून-खालून आलं की डबा झाकून घेणारी मुलगी. मी जवळजवळ तीस वर्षं मुंबईत केमिस्ट्री शिकवली. दर जुलै-ऑगस्टमध्ये अशी एखादी मुलगी जिन्यात, लॅबबाहेरच्या बाकावर, नाहीतर गेटजवळच्या झाडाखाली एकटी दिसायची. काहींच्या शेजारी जाऊन बसले. काहींच्या शेजारी बसायचं राहून गेलं, कारण मला पुढचं लेक्चर होतं. ते राहून गेलेलं अजून टोचतं, म्हणून तुला सविस्तर लिहिते आहे.

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते. चुकीच्या जागी आलीस का, हे आज मला सांगता येणार नाही, आणि तुलाही ठरवता येणार नाही. तू पहाटेपासून उभी आहेस, दिवसभर न कळणारं ऐकतेस, तोंड मिटून असतेस आणि रात्री दुसऱ्याच्या घरात पाय आखडून झोपतेस. इतक्या दमलेल्या माणसाला कुठलीही जागा चुकीचीच वाटेल. तू ज्याला नापास होणं समजते आहेस, त्यातला बराचसा भाग थकवा आहे आणि उरलेला एकटेपणा. या दोन्हींवर काहीतरी करता येतं. ते करून झाल्यावर जागेचा निर्णय घे.

मी मुंबईत आले ती १९८२ च्या जूनमध्ये, लांज्याजवळच्या एका गावातून. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती, रात्रभर एस.टी.त बसून परळला उतरायचं. लालबागला काकांच्या दहा बाय बाराच्या खोलीत राहिले. ते वर्ष कसलं होतं, हे तुझ्या बाबांना विचार. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला होता. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले होते आणि माझे काका त्यांतले एक. काकी पापड लाटून घर चालवायची. त्या घरात मी रोज दोन वेळा जेवत होते. ताटातला भात कमी घ्यायचे, 'भूक नाही' म्हणायचे आणि कॉलेजच्या नळावर पाणी पिऊन दुपार काढायचे. वर्गात एकदा एका प्राध्यापकांनी मला प्रश्न विचारला. उत्तर येत होतं, ते मी मराठीत दिलं. त्यांनी मला उभंच ठेवलं आणि वर्गाला म्हणाले, "हिला कुणीतरी भाषांतर करून द्या." सगळे हसले. त्यानंतर सहा महिने मी वर्गात तोंड उघडलं नाही. तू का गप्प झालीस, ते मला कुणी समजावून सांगायला नको.

मला त्यातून बाहेर काढणारी गोष्ट फार लहान होती. काकांच्या खोलीत अभ्यास होत नव्हता, म्हणून मी संध्याकाळी चालत नायगावला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसायला लागले. १८९८ साली सुरू झालेली जुनी संस्था. माझ्या भाषेतली इतकी पुस्तकं एका छताखाली मी पहिल्यांदा पाहत होते. खिडकीजवळचं एक टेबल मी धरलं. रोज तेच टेबल, तीच वेळ. कुणाशी बोलत नव्हते. सप्टेंबरमध्ये एक दिवस ताप आला म्हणून गेले नाही. दुसऱ्या दिवशी गेले तर पुस्तकं काढून देणारे गृहस्थ चष्म्यावरून बघत म्हणाले, "काल नाही आलीस?"

बस, एवढंच. मी टेबलाशी जाऊन बसले आणि कितीतरी वेळ वही उघडली नाही. एवढ्या मोठ्या मुंबईत मी एक दिवस नव्हते, हे कुणाच्या तरी लक्षात आलं होतं.

तेव्हापासून मला एक कळलं आहे आणि पुढे शेकडो मुलींच्या बाबतीत मी ते खरं होताना पाहिलं. गावात आपण अमक्याची मुलगी, तमक्याची नात म्हणून ओळखले जातो. ओळख आयती मिळते. मुंबईत ती तशी मिळत नाही. इथे ओळख रोज दिसण्यातून होते. तुझ्या लेडीज डब्याकडेच बघ. नवीन बाईला दारातल्या दांड्याजवळ उभं राहावं लागतं. आत बसलेल्या बायका कुणाला भाजी निवडू लागतात, कुणासाठी पिशवी ठेवून जागा धरतात, दसऱ्याला डब्याला तोरण बांधतात. त्यांतली प्रत्येक जण कधीतरी दांड्याजवळ उभी होती. तिने काही विशेष केलं नाही. तीच गाडी, तोच डबा, तेच दार, रोज. मग एक दिवस कुणीतरी सरकून तिघींच्या बाकावर चौथी सीट दिली. 'ही रोजची आहे,' असं म्हणतात ना, ते 'रोजची' होणं तुला साधायचं आहे. सगळीकडे नाही. तीन ठिकाणी पुरे.

पहिलं ठिकाण लोकल. तुझी गाडी ठरव. डोंबिवलीहून सुटणारी स्लो लोकल घे. जलद गाडी माटुंग्याला थांबत नाही, दादरला उतरून उलट यावं लागतं, आणि ती कल्याणच्या पुढून भरून आलेली असते. दहा-पंधरा मिनिटं जास्त गेली तरी डोंबिवली लोकलमध्ये बसायला मिळण्याची शक्यता आहे, आणि बसून काढलेला तास हा तुझ्या अभ्यासाचा तास होऊ शकतो. रोज त्याच डब्यात त्याच दारातून चढ. शेजारणीने 'कुठे उतरणार?' असं विचारलं की नुसतं 'माटुंगा' म्हणून मान फिरवू नकोस, तिला उलट विचार. आणि एक गोष्ट आईच्या मायेने सांगते. दिवा-मुंब्र्याच्या टप्प्यात दारात उभी राहू नकोस, कधीच नको. गाडी सुटली तर सुटू दे, पहिलं लेक्चर बुडलं तर बुडू दे.

दुसरं ठिकाण वर्गातला बाक. मला खात्री आहे, तू मागे बसतेस. उद्यापासून दुसरा बाक, डावीकडचा किंवा उजवीकडचा, पण एकच. पुढे बसलं की शिक्षकांचे ओठ दिसतात, फळा दिसतो, आणि भाषा कच्ची असताना हे दोन्ही लागतं. शिवाय शिक्षकाला समोरचे चेहरे पाठ होतात. एखाद्या मुलीच्या कपाळावर आठी दिसली की आपोआप वाक्य पुन्हा बोललं जातं, हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगते.

तिसरं ठिकाण जेवायचं. तो जिना सोड. कँटीनमध्ये पहिल्या दिवशी जायला पाय उचलणार नाहीत, हे मला माहीत आहे. पण जिथे प्रॅक्टिकलनंतर मुली डबे उघडतात अशी एक जागा प्रत्येक कॉलेजात असते, बहुतेक लॅबजवळ. तिथे जाऊन बस. बोललं पाहिजे असं नाही. रोज बस.

आता इंग्रजीकडे येते, कारण तुझी खरी धास्ती तीच आहे.

तू म्हणतेस की तुला लेक्चर कळत नाही. माझा अंदाज वेगळा आहे. तुला विषय कळतो, शब्द ओळखू येत नाहीत. दहावीच्या विज्ञानात तू 'उत्प्रेरक' लिहीत होतीस. मॅडम 'कॅटॅलिस्ट' म्हणतात तेव्हा त्या तोच पदार्थ सांगत असतात, जो अभिक्रियेचा वेग वाढवतो आणि स्वतः खर्ची पडत नाही. तू 'अनुमापन' वाचलं असशील. लॅबमध्ये ब्युरेटमधून थेंब थेंब सोडून फिनॉल्फ्थॅलिन गुलाबी होण्याची वाट बघतेस, ते टायट्रेशन म्हणजे तेच. ज्ञान तुझ्याकडे आहे, फक्त त्याच्या डब्यांवरची लेबलं बदलली आहेत. लेबलं पाठ करायला चार वर्षं लागत नाहीत. केमिस्ट्रीच्या एका प्रकरणात खरोखर नवे असे तीस-चाळीस शब्द असतात आणि तेच पुन्हा पुन्हा येतात.

एक वेगळी छोटी वही कर. डाव्या बाजूला इंग्रजी शब्द देवनागरीत, जसा ऐकू आला तसा, स्पेलिंगची चिंता न करता. उजवीकडे मराठी शब्द आणि तुझ्या भाषेत एक ओळ अर्थ. मराठी शब्द कुठून आणायचे? राज्य सरकारच्या भाषा संचालनालयाने रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, गणित अशा विषयांचे परिभाषा कोश केलेले आहेत आणि ते इंटरनेटवर फुकट शोधता येतात. मराठी विश्वकोशही तसाच आहे. एखादी संकल्पना अडली की आधी विश्वकोशातली नोंद वाच, मग इंग्रजी पुस्तकातलं तेच पान उघड. उलट क्रमाने करू नकोस. समजलेली गोष्ट परक्या भाषेत वाचणं सोपं असतं. न समजलेली गोष्ट परक्या भाषेत वाचणं म्हणजे अंधारात सुईत दोरा ओवणं.

आणि लेक्चरला जायच्या आधी, लोकलमध्ये, त्या दिवशीच्या विषयाची दोन पानं नुसती डोळ्यांखालून घाल. कळली नाहीत तरी चालेल. वर्गात तो शब्द दुसऱ्यांदा कानावर पडेल आणि दुसऱ्यांदा भेटलेला माणूस तितकासा अनोळखी वाटत नाही. लेक्चर चालू असताना वाक्यं लिहू नकोस, शब्द लिही, मध्ये जागा सोड. घरी येईपर्यंत त्या जागा भरायच्या, कारण दुसऱ्या दिवशी त्या भरता येत नाहीत.

बोलण्याचं काय? लेक्चर संपल्यावर मॅडमकडे जाऊन एक वाक्य म्हण: "मॅडम, मी मराठी माध्यमातली आहे. मराठीत विचारलं तर चालेल?" माटुंग्याच्या कॉलेजांत शिकवणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना मराठी चांगलं येतं आणि तुझ्यासारखी मुलं त्यांनी आधी पाहिलेली असतात. माझ्यासारखा अनुभव येणारच नाही असं मी म्हणणार नाही. एखाद्या मॅडमनी तुटकपणे उत्तर दिलं तर दुसऱ्या विषयाच्या सरांकडे जा. प्रत्येक डिपार्टमेंटमध्ये एक तरी माणूस असतो जो थांबून ऐकतो. तो शोधायला चार दारं ठोठवावी लागली तरी ठोठव.

ती दोन मुलं. हेल काढून दाखवणं ही मस्करी आहे असं त्यांना वाटत असेल, पण तुझं बोलणं बंद झालं, म्हणजे ती मस्करी उरलेली नाही. पहिल्यांदा एकदा सरळ सांग, शांत आवाजात, चारजणांत: "माझं बोलणं असंच आहे, मला हे आवडत नाही." बहुतेक मुलं इथेच ओशाळतात. नाही थांबली तर गप्प सोसत बसायचं नाही. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, आणि यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमांत २०१६ साली जी भर पडली तिच्यात एखाद्याला त्याच्या प्रदेशावरून, भाषेवरून, जन्मगावावरून किंवा आर्थिक परिस्थितीवरून मानसिक त्रास देणं स्पष्ट शब्दांत रॅगिंगमध्ये धरलेलं आहे. कॉलेजात त्यासाठी समिती असते. देशभरासाठी १८००-१८०-५५२२ हा क्रमांक आहे. तो वापरायची वेळ यावी असं मला वाटत नाही, पण तो आहे हे माहीत असलं की पाठीला जरा कणा येतो.

आणि तो हेल बदलू नकोस, गो. इंग्रजी शीक, प्रमाण मराठीही शीक, पण आजीशी जे बोलतेस ते पुसायला जाऊ नकोस. मी माझं पुसलं. काकी गेली तेव्हा तिच्या उशाशी बसून तिच्याशी तिच्या बोलीत बोलायला मला शब्द सुचेनात. ते दुःख तुला नको.

मैत्रिणींचं मला तुझ्याइतकं अवघड वाटत नाही. ते ग्रुप तुझ्याविरुद्ध बांधलेले नाहीत. त्यांतल्या बऱ्याच मुली त्याच कॉलेजात अकरावी-बारावी करून 'इन-हाऊस' कोट्यातून आल्या आहेत, त्यांना दोन वर्षं झाली आणि तुला दोन महिने. पूर्ण ग्रुपमध्ये शिरायचा प्रयत्न करू नकोस, एकीशी जमव, आणि ती प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये शोध. वर्गात शेजारी बसून महिनोन्‌महिने न बोलता राहता येतं. लॅबमध्ये एकीने ब्युरेट धरायचं, दुसरीने रीडिंग लिहायचं, तिथे बोलावंच लागतं. जर्नल, म्हणजे प्रॅक्टिकलची वही, वेळेवर पूर्ण कर आणि तपासून सही करून घे. जिचं जर्नल पूर्ण, तिच्याकडे मुली आपणहून येतात. तुझं अक्षर, तुझ्या पत्रावरून सांगते, फार सुरेख आहे. आकृत्याही चांगल्या काढत असशील.

जमलं तर एनएसएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेत, नाव घाल. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झालेली ही योजना आहे. वर्षातून सात दिवसांचं शिबिर एखाद्या गावात असतं. मी अशा शिबिरांना मुलांबरोबर गेले आहे. चूल पेटत नाही म्हणून मुंबईची मुलं डोळे चोळत बसलेली असतात, आणि एखादी रायगडची, रत्नागिरीची मुलगी उठून फुंकणी घेते. परतीच्या गाडीत तिच्या शेजारी बसायला मुली भांडत असतात. मराठी वाङ्मय मंडळ, एकांकिका हेही सगळं चांगलं आहे, पण तालमी रात्रीपर्यंत चालतात आणि तुला डोंबिवली गाठायची असते, म्हणून पहिल्या सेमिस्टरला नको.

मामीच्या घरावर मी जरा थांबणार आहे, कारण तुझ्या पत्रात त्यावर सगळ्यात कमी ओळी आहेत आणि त्याच सगळ्यात जपून लिहिलेल्या आहेत.

तू अजून त्या घरात पाहुणी आहेस. पाहुणीचं अवघडलेपण असं की तिला काम सांगता येत नाही आणि तिला बसूही देता येत नाही. ती सारखी विचारत राहते, 'मामी, काही करू का?' दोघींनाही त्याचा ताण येतो. त्यापेक्षा एक काम तुझं करून टाक. संध्याकाळच्या पोळ्या म्हण, नाहीतर धाकट्या भावंडाचा अभ्यास म्हण. ठरलेलं, रोजचं, न विचारता करायचं. त्याच्या बदल्यात तोंडाने माग: "मामी, मला रात्री साडेआठ ते साडेदहा अभ्यासिकेत जायचं आहे." डोंबिवलीत अभ्यासिका बऱ्याच आहेत, महिन्याच्या माफक फीमध्ये टेबल आणि दिवा मिळतो. घरापासून पायी जाता येईल अशी बघ आणि परतताना मामाला न्यायला येऊ दे, संकोच करू नकोस. घरात दिवा लावायचा प्रश्नच मिटला. लक्षात घे, मामीने तुला घरात घेतलं तेव्हा वन रूम किचन केवढं आहे हे तिला ठाऊक होतं. तिचा निर्णय तू तिच्या वतीने मागे घेऊ नकोस, मी घ्यायचे तसा. कितीतरी वर्षांनी काकीने मला सांगितलं, की मी कमी जेवते याचं तिला इतकं वाईट वाटायचं की तिच्याही घशाखाली घास उतरायचा नाही. आम्ही दोघी एकाच ताटाशी उपाशी उठत होतो आणि एकमेकींना सांगत नव्हतो.

तुझ्या आईशीही हेच चाललं आहे. 'मस्त चाललंय' ऐकून ती फोन ठेवते आणि मग तुझ्या बाबांना सांगते, 'पोरीचा आवाज बरा नव्हता.' आयांना कळतं. सगळं एकदम सांगू नकोस, घाबरेल. रोज एक खरी गोष्ट सांग. "आज फिजिक्स अजिबात कळलं नाही." दुसऱ्या दिवशी, "आज गाडीत एका बाईंनी जागा दिली." तिला तुझा खरा दिवस कळू दे. काजूच्या पैशांचं ओझं तू एकटी वाहते आहेस. तिच्याशी बोललीस तर कळेल की ते पैसे बाबांनी ओझं म्हणून दिलेले नाहीत.

रडण्याबद्दल. परतीच्या गाडीत डोळे भरून येणं दोन महिन्यांत स्वाभाविक आहे. पण झोप उडाली, जेवण तुटलं, सकाळी अंगातून उठवेनासं झालं आणि असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं, किंवा जगूच नये असा विचार एकदाही मनात आला, तर गणपतीची वाट बघायची नाही आणि माझ्या उत्तराचीही नाही. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा क्रमांक आहे, सरकारी, मोफत, रात्रंदिवस चालू, आणि मराठीत बोलता येतं. कॉलेजात समुपदेशक असतील तर त्यांच्याकडे जा. त्याच दिवशी मामीला सांग.

आता परत जाण्याबद्दल. तुला कदाचित ठाऊक नसेल, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातली कॉलेजंही मुंबई विद्यापीठाच्याच कक्षेत येतात. म्हणजे तू पुढच्या वर्षी रत्नागिरीत शिकायचं ठरवलंस तर विद्यापीठ तेच राहतं. विषय जुळले पाहिजेत आणि जागा असली पाहिजे, ती चौकशी दोन्ही कॉलेजांच्या ऑफिसात आधी करावी लागेल. शिवाय नव्या शैक्षणिक धोरणात पूर्ण केलेल्या सेमिस्टरची क्रेडिट्स अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतात आणि ती सात वर्षांपर्यंत धरली जातात. पण अर्धवट सोडलेल्या सेमिस्टरचं काहीच जमा होत नाही. म्हणून माझं म्हणणं इतकंच आहे: परत जायला माझी ना नाही, मध्येच उठून जायला आहे. हे सेमिस्टर पुरं कर, परीक्षा दे, एखाद्या विषयात केटी लागली, म्हणजे विषय राहिला, तरी दे. मग दिवाळीच्या सुट्टीत, झोप पूर्ण झालेली असताना, आई-बाबांसमोर बसून ठरव. तेव्हा रत्नागिरी निवडलीस तर ती निवड असेल, आणि मी तुला आनंदाने आशीर्वाद देईन. घराजवळ राहून उत्तम शिकलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत.

काही कामं मात्र याच आठवड्यात उरक. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली की नाव डिफॉल्टर लिस्टमध्ये लागतं, तेव्हा रडू आलं म्हणून लेक्चर बुडवू नकोस, मागे बसून रड पण बस. कॉलेजच्या ऑफिसातून रेल्वेचा कन्सेशन फॉर्म घेतला नसशील तर घे, पास जवळजवळ निम्म्या दरात येतो आणि तीन महिन्यांचा काढता येतो. लायब्ररीत बुक बँकेची चौकशी कर. आणि गणपतीला गावी असताना बाबांना घेऊन तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला काढायला टाक. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरच्या शिष्यवृत्त्यांपैकी तुला कुठली लागू होते ते कॉलेजच्या ऑफिसात विचार; अर्ज भरताना हा दाखला हाताशी नसल्याने कितीतरी मुलांची वर्षं हुकलेली मी पाहिली आहेत.

गणपतीला नक्की जा. गणपतीच्या वरची माटवी बांधायला जा, आजीच्या हातचे घावणे खा, भजनाला जाग, दुपारी मनसोक्त झोप. फक्त जाण्याआधी परतीचं आरक्षण करून ठेव, गणपतीच्या गाड्या मिनिटांत भरतात. नाहीच मिळालं तर मामाबरोबर एस.टी.चं बघ. दिव्याहून सुटणारी सावंतवाडी गाडी तुझ्या डोंबिवलीपासून जवळ आहे आणि राजापूर रोडला थांबते, तेही लक्षात ठेव. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी घर रिकामं होतं, माटवी उतरवलेली असते, चाकरमानी निघून गेलेले असतात आणि जीव अगदी कासावीस होतो. त्या दिवशी कसलाही निर्णय घ्यायचा नाही, एवढं मला वचन दे. येताना मामीसाठी आमसुलं आणि कुळथाचं पीठ आण. लॅबमधल्या जोडीदारणीसाठीही थोडे काजू आण.

परत आलीस की तीच गाडी, तोच बाक. पाच-सहा दिवस तू दिसली नाहीस, हे कुणाच्या लक्षात आलं का ते मला कळव. कुणाच्याच आलं नाही तरी कळव, मग आपण पुढचा विचार करू. पत्र मराठीतच लिही. 'वन रूम किचनमध्ये मी पाचवी' या तुझ्या एका वाक्यात अख्खं घर दिसतं, आणि असं लिहिणाऱ्या मुलीला बोलता येत नाही यावर माझा विश्वास बसत नाही.

तुझी,
ताई